हसवणारे भय : परीकथेच्या वाटेने जाणारी काळोखी अद्भुतकथा

मागील घटकात आपण लोककथेच्या रचनेचा विचार केला. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ मध्ये परीकथेतील एकतीस कार्ये कशी मांडली, हेही पाहिले. प्रस्तुत घटकाचा विषय त्याला लागूनच आहे. राक्षस, चेटकीण, बोलणारे प्राणी, शाप आणि वर ही परीकथेची जुनी सामग्री घेऊन, मृत्यू, लोभ आणि क्रौर्य यांवर पांघरूण न घालता आणि तरीही वाचकाला हसवत लिहिलेल्या अद्भुतकथा व कादंबऱ्या आज जगभर आवडीने वाचल्या जातात. इंग्रजीत टेरी प्रॅचेट, विल्यम गोल्डमन, अँजेला कार्टर ही नावे या संदर्भात प्रामुख्याने घेतली जातात. प्रौढ, संसारी, नोकरी करणाऱ्या वाचकाला अशा कथेत काय सापडते? आणि मराठी वाचकाला ही रुची परकी आहे की घरचीच? या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. माझा स्वतःचा अभ्यासविषय भाषाविज्ञान असल्याने विवेचनाचा कल भाषेकडे राहील, हे आरंभीच सांगून ठेवतो.

डोंगर कोणाचा?

उरण तालुक्यात करंजाच्या बाजूला द्रोणागिरीचा डोंगर आहे. त्याच्या नावाने आज नवी मुंबईचा एक विभाग ओळखला जातो. मारुती संजीवनीसाठी डोंगर घेऊन लंकेकडे चालला असता त्याचा एक तुकडा येथे पडला, अशी या परिसराची आख्यायिका आहे. तिच्या सत्यासत्यतेत आपल्याला शिरायचे नाही. कथेची घडण मात्र निरखून पाहा. लक्ष्मण मरणाच्या दारात पडला आहे. उजाडण्यापूर्वी औषधी आली नाही तर सारे संपणार आहे. आणि औषधी आणण्यासाठी ज्याला पाठवले आहे, त्याला नेमकी तीच वनस्पती ओळखता येत नाही! तेव्हा तो अख्खा डोंगरच उचलतो. कोणती फाईल हवी ते न कळल्याने शिपायाने कपाटच साहेबांपुढे आणून ठेवावे, तसा हा प्रकार. देवळात कथा ऐकताना आपण हसत नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला ती सांगून पाहा. डोंगर उचलताच ते खुदकन हसते. मृत्यूची घाई आणि उपायाचा अवाढव्य वेंधळेपणा शेजारीशेजारी आले की भय आणि हसू यांची गाठ पडते. परंपरेने ही गाठ सोडवण्याची घाई कधी केली नाही.

या कथेला आणखी एक पदर आहे. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात द्रोणागिरी नावाचेच एक गाव आहे. तेथे मारुतीची पूजा होत नाही. आमच्या दैवतासमान डोंगराचा भाग न विचारता उचलून नेला, हा तेथील लोकांचा राग आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. एका बाजूला ज्याच्या पराक्रमाची आरती होते, त्याच्यावर दुसऱ्या बाजूला चोरीचा आळ! आपल्या विषयातील कादंबरीकार नेमके हेच करतो. तो गाजलेली कथा तशीच ठेवतो आणि एकच प्रश्न विचारतो : ज्यांचा डोंगर गेला त्यांचे काय झाले?

उरणच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाची फोड करून सांगण्याची गरज नाही. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे विकसित भूखंडाच्या रूपाने साडेबारा टक्के परत देण्याची योजना आली. हा इतिहास आहे, परीकथा नव्हे. तरीही परीकथेच्या साच्यात तो कसा दिसेल, याचा एक नमुना आपण थोड्या वेळाने करून पाहू.

वाघाला 'वाघोबा' का म्हणतात?

'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. म्हातारी लेकीकडे निघाली आहे. वाटेत वाघ भेटतो, कोल्हा भेटतो. प्रत्येकाला तिला खायचे आहे. म्हातारी रडत नाही, दयेची याचनाही करत नाही. ती खाणाऱ्याच्या फायद्याची गोष्ट बोलते : आत्ता माझ्या अंगावर मांस ते किती, लेकीकडे जाऊन चांगली पुष्ट होऊन येते, मग खा. वाघाला हिशेब पटतो. मृत्यूकडून मुदत वाढवून घेण्याचा हा व्यवहार इतका कोरडा आणि इतका विनोदी आहे की आपण त्याला बालकथा म्हणतो आणि विसरून जातो. नीट पाहिले तर एक गरीब वृद्धा स्वतःच्या शरीराचे वजन तारण ठेवून परतीचा प्रवास विकत घेते आहे.

आता संबोधनाकडे लक्ष द्या. मराठी गोष्टींतील म्हातारी वाघाला 'वाघोबा' म्हणते आणि कोल्ह्याला 'कोल्होबा'. हा 'बा' आपल्या भाषेत कोठे कोठे येतो? विठोबा, खंडोबा, म्हसोबा, नागोबा. बापाविषयीचा आदर आणि जवळीक दाखवणारा हा शब्दांश आपण देवाला लावतो आणि आपल्याला खाणाऱ्या श्वापदालाही लावतो. उत्तर कोकणात वाघोबा हे दैवतही आहे. वारली आणि इतर समाज त्याची पूजा करतात. म्हणजे गोष्टीतील 'वाघोबा' हा बालिश लाडाचा शब्द नाही. जे आपल्याला मारू शकते त्याला नात्यात ओढून घेण्याची ही भाषिक युक्ती आहे. नाते जोडले की त्याच्याशी बोलता येते, बोलता आले की घासाघीस करता येते. शेवटी त्याची फजितीही करता येते, ती याच वाटेने.

अशा युक्त्या मराठीत पुष्कळ आहेत. रात्री सापाला साप म्हणत नाहीत. 'लांबडे' किंवा 'जनावर' म्हणतात. बांगडी फुटली असे न म्हणता 'वाढवली' म्हणतात. नारळ वाढवतात, दुकानही वाढवतात. अशुभ उच्चारू नये म्हणून उलट अर्थाचा शब्द योजण्याची ही रीत तुम्ही घरात रोज ऐकता. काळोखी अद्भुतकथा हे पांघरूण अलगद उचलते. तिच्यात एखादे निरागस पात्र विचारते, 'बांगडी वाढली, तर आता मोठी कुठे दिसते आहे?' वाचक हसतो. हसता हसता आपण कशाकशाचे नाव घेण्याचे टाळत आलो, हे त्याच्या ध्यानात येते. शब्दशः अर्थ घेणारे पात्र हे या प्रकाराचे आवडते हत्यार आहे, आणि ज्या भाषेत भयाचे पर्यायी शब्द विपुल असतात त्या भाषेत ते अधिक धारदार होते.

कोकणातील भुतांचीच गोष्ट घ्या. मुंज झाली पण लग्न व्हायचे राहिले असा मुलगा मेला की मुंजा, त्याचा पत्ता पिंपळ. पाण्यात राहणारा तो गिऱ्हा, वाट चुकवणारा तो चकवा. शिवाय हडळ, जखीण, खवीस, वेताळ, ब्रह्मसमंध. प्रत्येकाचे ठिकाण ठरलेले, अधिकारक्षेत्र ठरलेले, काय दिल्याने संतुष्ट होईल तेही ठरलेले. मेल्यानंतरही माणसाची जात, आश्रम आणि वैवाहिक स्थिती सुटत नाही, असे ही वर्गवारी निर्विकार चेहऱ्याने सांगते. एखाद्या सरकारी खात्याची आस्थापना सूची वाचावी तशी ती वाचता येते. (माझ्या आजोळी एका पिंपळावर मुंजा आणि शेजारच्या विहिरीत गिऱ्हा अशी वाटणी मोठी माणसे गंभीरपणे सांगत. दोघांत हद्दीचा वाद झाल्याचे मात्र कधी ऐकले नाही.)

कहाणीतील कडवट हसू

श्रावणात वाचल्या जाणाऱ्या कहाण्या आपण व्रताचे साहित्य म्हणून बाजूला ठेवतो. त्यांतील दोन येथे आठवू या.

सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत राजा महादेवाचा गाभारा दुधाने भरण्याचा संकल्प सोडतो. गावातील सगळे दूध देवळात पोहोचले पाहिजे, अशी आज्ञा होते. लोक धाकाने पोराबाळांना आणि वासरांना उपाशी ठेवून दूध आणून ओततात. गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरच्यांना, मुलांना आणि वासरांना पाजून उरलेले खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरतो. आज्ञा, तिची कडक अंमलबजावणी आणि साफ फसलेला निकाल, असा शासनव्यवहाराचा हा नमुना आहे. कहाणी त्यावर काहीही भाष्य करत नाही. ती फक्त गाभारा रिकामा ठेवते.

शुक्रवारची कहाणी याहून तिखट आहे. श्रीमंत भावाच्या घरी सहस्रभोजन आहे. गरीब बहिणीला आमंत्रण नाही. ती मुलांना घेऊन आपणहून जाते. भाऊ पंगतीत तिचा अपमान करतो आणि शेवटी तिला हात धरून घालवून देतो. पुढे देवीच्या कृपेने तिचे दिवस पालटतात, तेव्हा तोच भाऊ तिला मानाने जेवायला बोलावतो. ती जाते, अंगावरचे दागिने उतरवून पाटावर ठेवते आणि एकेका पदार्थाचा घास एकेका दागिन्यावर ठेवू लागते. भाऊ विचारतो, हे काय? ती म्हणते, ज्यांना बोलावलेस त्यांनाच जेवू घालते आहे.

दागिने जेवताहेत हे दृश्य विनोदी आहे. त्याच्या तळाशी असलेली गोष्ट, उपाशी मुलांना पंगतीतून उठवण्याची, मुळीच विनोदी नाही. ज्या स्त्रियांनी ही कहाणी पिढ्यान्‌पिढ्या हातात अक्षता घेऊन ऐकली, त्यांच्यापैकी अनेकींना माहेरच्या पंगतीचा अनुभव असणार. उघड बोलण्याची सोय नव्हती. व्रताच्या आवरणाखाली ते बोलले गेले. काळोख्या अद्भुतकथेचे सारे तत्त्व या एका प्रसंगात आहे, असे मला वाटते. जे सरळ सांगितले असता घरात भांडण होईल, ते 'आटपाट नगर' या दोन शब्दांच्या आड सांगता येते.

काऊचिऊच्या गोष्टीबद्दलही थोडे. पावसात भिजलेला कावळा दार वाजवत राहतो आणि चिमणी बाळाच्या न्हाण्याची, तिटपावडरीची सबब सांगत राहते. काही घरांत या गोष्टीचा शेवट कावळ्याने तापलेल्या तव्यावर बसण्यात होतो. ही गोष्ट आपण दीड-दोन वर्षांच्या मुलांना घास भरवताना सांगतो! बेघराला दार न उघडण्याची इतकी तपशीलवार कथा दुसरी क्वचितच असेल.

दोन भाषांची टक्कर

आता कबूल केलेला नमुना. पुढील परिच्छेद मी या घटकासाठीच रचला आहे. त्यात वाङ्मयीन गुण शोधू नयेत.

आटपाट नगर होतं. तिथं एक राक्षस होता. त्याला भूक लागली. त्यानं गावाकडे डोंगर मागितला. गाव म्हणालं, डोंगर दिला तर आम्ही राहावं कुठं? राक्षस भला होता. तो म्हणाला, साडेबारा टक्के डोंगर परत देईन, अर्ज करा. लोकांनी अर्ज केले. राक्षसानं ते चष्मा लावून वाचले आणि म्हणाला, अर्जासोबत डोंगराचा सात-बारा जोडलेला नाही. लोक म्हणाले, महाराज, सात-बारा डोंगरावर होता. राक्षसानं हळहळून ढेकर दिली.

यात हसू कशातून निर्माण होते? पहिली तीन वाक्ये कहाणीची आहेत : आखूड, क्रियापदावर संपणारी, काळ-स्थळ न सांगणारी. 'अर्ज', 'टक्के', 'सोबत जोडलेला' ही तलाठी कार्यालयाची भाषा आहे. विशिष्ट प्रसंगी वापरली जाणारी, आपापले नियम असलेली अशी दोन भाषारूपे एका वाक्यगटात शेजारी बसवली की दोन्ही उघडी पडतात. कार्यालयीन भाषेतील निर्जीव सौजन्य राक्षसाच्या तोंडी शोभून दिसते, आणि राक्षसाची भूक कार्यालयीन भाषेमुळे कायदेशीर वाटू लागते. शेवटच्या वाक्यात 'हळहळून' आणि 'ढेकर' यांचा संयोग आहे. सहानुभूती आणि पचन एकाच वेळी! येथे मी राक्षसाला दुष्ट म्हटलेले नाही. उलट 'भला' म्हटले आहे. दुष्ट म्हटले असते तर विनोद तेथेच संपला असता आणि प्रचारपत्रक सुरू झाले असते. नवोदित लेखकांची सर्वाधिक चूक येथे होते, म्हणून हे जरा लांबवले.

विल्यम गोल्डमनच्या 'द प्रिन्सेस ब्राइड' (१९७३) या कादंबरीत हीच टक्कर वेगळ्या रीतीने साधली आहे. एका जुन्या ग्रंथातील कंटाळवाणे भाग गाळून चांगले तेवढे आपण देत आहोत, असा बहाणा लेखक करतो, कारण लहानपणी वडिलांनी त्याला ती कथा तशीच गाळून वाचून दाखवली होती. आपल्या आज्याही हेच करत. कोणते भाग गाळले ते मोठेपणी कळते. टेरी प्रॅचेटच्या 'विचेस ॲब्रॉड' (१९९१) मध्ये तर सगळ्यांचा शेवट गोडच झाला पाहिजे, असा हट्ट धरणारी एक जादूगारीण अख्खे नगर वेठीला धरते. सुखान्त सक्तीचा झाला की तो जुलूम होतो, ही कल्पना हसवता हसवता मांडलेली आहे. लग्न, नोकरी आणि संसार यांचे ठरावीक साचे ज्यांनी स्वतः अनुभवले आहेत अशा प्रौढ वाचकाला तिची धार मुलांपेक्षा अधिक जाणवते.

मराठीतील वाटा

मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळात अद्भुताचा मोठा जोर होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) ही त्या काळाची ठळक उदाहरणे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या अरबी कथांच्या भाषांतरामुळे, रोज रात्री गोष्ट सांगून आपला मृत्यू दुसऱ्या दिवसावर ढकलणारी शहरजाद मराठी घरांत आली. भोपळ्यातल्या म्हातारीची ती थोरली बहीणच. मात्र हरिभाऊ आपट्यांनंतर वास्तवाला प्रतिष्ठा मिळाली आणि अद्भुत हे मुलांकडे तरी गेले किंवा करमणुकीकडे. ही वाटणी आपल्या समीक्षेने फार काळ निमूटपणे मान्य केली, असे माझे मत आहे. त्यामुळे आपल्या विषयातील कादंबरी मराठीत विरळ आहे. तिचा प्राण मात्र इतर प्रकारांत वसतीला गेला.

सर्वांत ठळक उदाहरण बालरंगभूमीचे. १९५९ मध्ये सुधा करमरकरांच्या 'लिटल थिएटर'ने रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले आणि चेटकिणीची भूमिका स्वतः सुधाताईंनी केली. पुढे मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मध्ये दिलीप प्रभावळकरांनी चेटकीण साकारली. २०१८ मध्ये नाटक पुन्हा आले तेव्हा ती वैभव मांगले यांनी केली. प्रेक्षागृहात मुले किंकाळ्या फोडतात आणि हसतात, दोन्ही एकाच श्वासात. बापे घाबरत नाहीत असा समज असतो. त्यांनी मुलाचा हात किती घट्ट धरला आहे ते शेजारून पाहावे. मोठ्यांसाठी गूढकथा लिहिणाऱ्या लेखकानेच मुलांसाठी ही चेटकीण लिहिली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण' (१९७४) मध्ये परी नाही, राक्षस नाही. पण मेलेले भाऊराव कीर्तन करतात आणि जुन्या स्मशानातच दहन व्हावे म्हणून अडून बसतात. कीर्तनाचे पारंपरिक रूप आणि अंत्यविधीची खटपट यांची टक्कर आपण वर पाहिलेल्या टकरीच्याच जातीची आहे. जी. ए. कुलकर्णींच्या दृष्टान्तवजा कथांत परीकथेचा भूप्रदेश आहे, पण त्यांचे हसू फार दुर्मीळ आणि थंड आहे. विलास सारंगांच्या कथांतील विक्षिप्त अद्भुतात विनोद अधिक, ऊब कमी. या दोघांकडून आपल्या विषयाचा काळोख शिकावा. विनोदासाठी मात्र कहाणीकडे आणि भोपळ्याकडे परत यावे लागेल.

एक सावधगिरी

या साहित्याचे आकर्षण मांडताना एक अवघड बाब टाळता येणार नाही. चेटकिणीला आपण रंगमंचावर हसतो. परंतु डाकीण ठरवून स्त्रियांना मारहाण करण्याचे, गावाबाहेर घालवण्याचे प्रकार सातपुड्याच्या भागात घडलेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्येच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तेव्हा चेटकिणीवरचा विनोद निरपराध आहे काय? कथेतील चेटकिणीजवळ खरोखर सामर्थ्य असते. गावाने डाकीण ठरवलेल्या बाईजवळ ते नसते, बहुधा जमिनीचा तुकडा किंवा वैधव्य असते. कथेत घाबरलेले मूल सामर्थ्यवानाला हसते. वास्तवात सामर्थ्यवान गाव एकटीला घाबरल्याचे सोंग करते. चांगला लेखक हा फरक जाणतो आणि गरज पडली तर कथा चेटकिणीच्या बाजूने सांगतो. अँजेला कार्टरने 'द ब्लडी चेंबर' (१९७९) मध्ये जुन्या परीकथांतील स्त्रियांची बाजू अशीच नव्याने मांडली.

जुन्या संग्राहकांनीही कथेतील क्रौर्याची बाजू बदललेली आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी तिची सख्खी आई होती. नंतरच्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आईच्या प्रतिमेला धक्का नको म्हणून दोष सावत्र आईच्या माथी गेला आणि जगभरच्या सावत्र आयांना तो पुरला. तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचण्याची राणीची शिक्षा मात्र कोणाला खटकली नाही. गोष्ट सौम्य करताना काय गाळले गेले आणि काय राहू दिले, याची नोंद काढली की त्या समाजाला कशाची लाज वाटत होती ते कळते.

स्वाध्याय

आपल्या घरातील किंवा वस्तीतील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडून लहानपणी ऐकलेली एक गोष्ट पुन्हा ऐका आणि शक्यतो त्यांच्याच बोलीत, मग ती आगरी असो, कोळी असो वा अन्य, उतरवून घ्या. प्रमाण भाषेत 'सुधारून' लिहू नका. त्या गोष्टीत कोण कोणाला खाते, कोणाला आदरार्थी संबोधन मिळते आणि ऐकणारे नेमके कोठे हसतात, ते समासात नोंदवा. त्यानंतर तीच गोष्ट, जिचा डोंगर गेला किंवा ज्याला दार उघडले नाही अशा पात्राच्या बाजूने, तीनशे शब्दांत पुन्हा लिहा. कार्यालयीन पत्राची भाषा एकदा तरी वापरा. राक्षसाला दुष्ट म्हणू नका.